सिगारेट सोडल्यावर वजन वाढू नये म्हणून : आधी काय करायचं, नंतर काय

सिगारेट सोडणारी बरीच माणसं पहिला आठवडा निभावून नेतात आणि तिसऱ्या महिन्यात हार मानतात. तलफ कमी झालेली असते, जिना चढताना धाप लागत नाही, पण पँट कमरेला बसत नाही. भेटेल तो "सुटलास की रे!" म्हणतो. मग "एवढं वजन वाढवण्यापेक्षा दिवसाला दोन ओढलेल्या बऱ्या" असा हिशेब मनात सुरू होतो आणि सोडलेली सिगारेट परत हातात येते.

हे टाळता येतं. चूक होते ती बहुतेक वेळा कामांच्या क्रमात. काही जण सिगारेट, साखर, भात, तेलकट असं सगळं एकाच सोमवारी बंद करतात. भूक आणि तलफ एकदम अंगावर येतात आणि आठवड्याच्या आत दोन्ही बेत मोडतात. काही जण उलट करतात. "आधी सिगारेट सुटू दे, वजनाचं पुढे बघू" म्हणत तीन महिने काट्यावर उभेच राहत नाहीत. खाली दिलेला क्रम बिडी ओढणाऱ्यांनाही तसाच लागू पडतो.

वजन कुठून वाढतं

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषधाची मदत न घेता सिगारेट सोडलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार ते पावणेपाच किलोंनी वाढलेलं त्यात दिसलं. त्यातली जवळजवळ तीन किलो वाढ पहिल्या तीन महिन्यांतली होती. पण सगळ्यांचं सारखं झालं नाही. सुमारे १६ टक्के लोकांचं वजन वर्षाअखेर उलट घटलं होतं, तर १३ टक्क्यांचं १० किलोंपेक्षा जास्त वाढलं होतं. तेव्हा वाढ होणारच असं धरून बसू नका. लक्ष द्यायचं ते पहिल्या तीन महिन्यांवर.

निकोटिनमुळे भूक दबलेली असते आणि शरीर बसल्या जागी थोडी जास्त ऊर्जा जाळत असतं. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्यात हा फरक साधारण २०० कॅलरींचा असतो. सिगारेट बंद झाली की तो जातो. जिभेची चव आणि नाकाचा वास काही दिवसांत परत येतात, त्यामुळे साधी आमटीही दोन वाट्या जास्त जाते. शिवाय हाताला सवय लागलेली असते. एका सिगारेटीचे दहाएक झुरके धरले, तर दहा सिगारेटी ओढणाऱ्याचा हात दिवसातून शंभर वेळा तोंडाकडे जातो. तो रिकामा राहिला की चिवड्याच्या डब्यात शिरतो. शरीरातल्या बदलाला आपण फारसं काही करू शकत नाही, पण हाताच्या सवयीचं बरंच काही करता येतं.

टप्पा १ : सोडण्याआधीचे दोन आठवडे

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

१. वजन आणि कंबर मोजून लिहून ठेवा. वजन सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी करा आणि काटा दर वेळी तोच वापरा. कंबर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. सुरुवातीचा आकडा नसेल तर महिन्याने "किती वाढलं?" याचं उत्तर फक्त अंदाजानेच द्यावं लागतं, आणि तो अंदाज भीतीपोटी नेहमी जास्तच निघतो.

२. प्रत्येक सिगारेटीपुढे ती कशासोबत ओढली ते लिहा. चहासोबत, जेवणानंतर, संडासला जाण्याआधी, फोनवर बोलताना, बससाठी थांबलेलं असताना. चार-पाच दिवसांत यादी तयार होते. पुढे नेमक्या याच वेळी हात खाण्याकडे जाणार आहे, म्हणून या प्रत्येक वेळेसाठी काय करायचं ते आजच समोर लिहून ठेवा.

३. नाश्ता सुरू करा. चहा-सिगारेट हाच ज्यांचा सकाळचा नाश्ता असतो, त्यांना अकरापर्यंत भूक जाणवत नाही, कारण निकोटिन ती दाबून ठेवतं. सिगारेट गेली की हीच भूक दहा वाजता टपरीसमोर उभी करते आणि हातात वडापाव येतो. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. त्यापेक्षा सोडण्याच्या आधीपासूनच घरून खाऊन निघा. दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, मूगडाळीचं धिरडं, ज्वारीची भाकरी आणि उसळ, किंवा मटार-शेंगदाणे घातलेले पोहे. पोह्यांवर मूठभर शेव मात्र नको.

४. कोठ्याची सोय करा. "सकाळची एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे खोटं नसतं, कारण निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. सिगारेट सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते. पोट फुगतं आणि माणसाला वाटतं वजनच वाढलं. पालेभाजी, कोशिंबीर, सालीसकट पेरू, भाकरी आणि पुरेसं पाणी हे आधीपासून चालू ठेवा. लागलंच तर रात्री चमचाभर इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्या.

५. घर आणि ऑफिसचा ड्रॉवर नीट लावा. फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं, गोळ्या-चॉकलेटं पहिला महिना घरात आणू नका. पाहुण्यांसाठी म्हणूनही नकोत. त्यांच्या जागी फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, काकडी-गाजराचे काप, पेरू, संत्री, पातळ ताक, बडीशेप, लवंग, वेलची ठेवा. मूठभर फुटाण्यांत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, सव्वाशेच्या आत कॅलरी असतात. तेवढ्याच फरसाणात दीडशेच्या वर, आणि फरसाण मुठीवर थांबत नाही.

६. औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला. निकोटिनच्या च्युइंगगमने सोडणं सोपं जातं, आणि ते चालू असेपर्यंत वजनवाढही पुढे ढकलली जाते. २ मिलिग्रॅमची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमसाठी चिठ्ठी लागते. ब्युप्रोपिऑन या गोळीनेही वजनवाढ काहीशी कमी राहते, पण ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही.

*सावधान :* मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन, दम्यासाठी थिओफायलिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा मानसिक आजारावर क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल, तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा. धूर बंद झाला की यांतल्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. ही गोष्ट सांगायची फार जणांकडून राहून जाते.

*तपासा :* वजन लिहिलं का? नाश्ता सलग आठवडाभर झाला का? यादीतल्या प्रत्येक वेळेपुढे पर्याय लिहिलाय का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तेव्हाच तारीख पक्की करा. दिवाळीचा फराळ, घरचं लग्न किंवा ऑफिसचं वर्षअखेरचं काम तोंडावर असेल तर तारीख आठ-दहा दिवस पुढे न्या, पण त्याहून जास्त नाही.

टप्पा २ : पहिला आठवडा

या आठवड्यात एकच काम : सिगारेट न ओढणं. डाएट नाही, उपास नाही, "रात्रीचं जेवण बंद" नाही. उपाशी माणसाला तलफ जास्त जोरात येते. तिन्ही वेळा पोटभर जेवा, फक्त मधल्या वेळेत काय खायचं ते आधी ठरलेलं असू द्या.

चहा निम्म्यावर आणा, आणि हे पहिल्या दिवसापासून. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातून कितीतरी जास्त कॅफिन अंगात राहतं. हातांना कंप, धडधड, रात्री उघडे डोळे याचा दोष लोक सिगारेट सोडण्याला देतात, आणि पुष्कळदा तो चहाचा असतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक, विशेषतः गोडाची, वाढते. साखरेचा हिशेबही बघा. दोन चमचे साखरेचे आठ चहा म्हणजे साधारण ८० ग्रॅम साखर, तीनशेच्या वर कॅलरी. चार चहा, तेही एकेक चमचा साखरेचे, इतकं केलंत तरी त्यातल्या दोनशेपेक्षा जास्त कॅलरी वाचतात. सिगारेट गेल्याने शरीर जे कमी जाळणार आहे, ते बहुतेक इथेच भरून निघतं. एवढा एकच बदल करायची ताकद असेल तर हा करा.

तलफ आली की हा क्रम पाळा :

१. जागेवरून उठा आणि जागा बदला. गॅलरीत ओढत असाल तर गॅलरीत जाऊ नका.
२. ग्लासभर पाणी घोट घोट प्या.
३. तोंडात एक लवंग किंवा चिमूटभर बडीशेप ठेवा आणि हाताला काम द्या : शेंगा सोला, भांडं घासा, फाइल लावा.
४. पाच मिनिटं जाऊ द्या. तलफेची लाट बहुधा तेवढ्यात ओसरते.
५. तरीही काही खावंसं वाटलं तर स्वतःला विचारा, "आत्ता भाकरी-भाजी समोर आली तर खाईन का?" उत्तर "हो" असेल तर ती भूक आहे, नीट बसून खा. फक्त शेव किंवा चॉकलेटच हवं असेल तर ती तलफ आहे, पुन्हा पाणी प्या आणि चक्कर मारून या.

निकोटिनचं गम खाण्याची पद्धतही इथेच चुकते. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहायचं नाही. तिखट झिणझिणी येईपर्यंत चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि ती शमवायला लोक बिस्किटं खातात. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

*सावधान :* सिगारेटच्या जागी सुपारी, गुटखा, मशेरी किंवा तंबाखू-चुना घेऊ नका. "याने वजन वाढत नाही" म्हणून सुचवणारी माणसं भेटतात. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. साखरेचं आवरण असलेली रंगीत बडीशेप आणि चोखायच्या गोड गोळ्यांनी दिवसभरात बरीच साखर पोटात जाते. साधी भाजलेली बडीशेप घ्या.

टप्पा ३ : दुसरा ते चौथा आठवडा

चिडचिड, बेचैनी हळूहळू उतरते, पण भूक तशीच राहते. ती काही आठवडे, कधी दोन-तीन महिने टिकते. हे माहीत नसलं की माणूस घाबरतो.

जेवणानंतरची सिगारेट सगळ्यात चिवट असते, आणि तिच्या जागी गोड येऊन बसतं. रोज दुपारी गुलाबजाम, आइस्क्रीम, निदान गुळाचा खडा. ती जागा रिकामी ठेवली तर भरतेच, म्हणून आधीच भरा. शेवटचा घास झाला की ताटावरून लगेच उठा, चूळ भरा, जमलं तर दात घासा, आणि दहा मिनिटं चालून या. थोड्या वेळाच्या चालण्यानेही तलफ उतरते.

ताटात भाजी, कोशिंबीर आणि प्रथिनं वाढवा. भूक खरी आहे, तिला पोट भरणारं अन्न लागतं. घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, अंडी, मासे, पनीर, दही यांपैकी एक तरी प्रत्येक जेवणात हवं. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग पोळी-भात. सिगारेटचे वाचलेले पैसे फळांवर आणि अंड्यांवर घाला. महिन्याकाठी ती रक्कम चांगली घसघशीत असते.

दारू पिणाऱ्यांनी हा महिना बैठकीला जाऊ नये. पहिल्या पेगनंतर निश्चय सैल पडतो, हातात सिगारेट येते, आणि नाही आली तरी चकण्याची ताटली रिकामी होते. जाणं टाळताच येत नसेल तर घरून जेवून जा आणि ओढणाऱ्यांपासून लांब बसा.

रात्रपाळीवाल्यांचं वेगळं आहे. पहाटे तीनला झोप उडवायला ते सिगारेट ओढत असतात, आणि ती गेली की कँटीनमधला समोसा येतो. डबा दोन भागांत न्या : अर्धा पाळीच्या सुरुवातीला, अर्धा दोन-अडीचला. तीनच्या सुमाराला जिना चढून-उतरून या, तोंडावर पाणी मारा. पाळी संपताना चहा नको, नाहीतर दिवसाची झोप जाते.

*तपासा :* आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी वजन करा. रोज करू नका. पाण्यामुळे आणि कोठ्यामुळे वजन रोज किलोभर इकडे-तिकडे होतं. महिन्याअखेर एखादा किलो वाढला असेल तर काहीही बिघडलेलं नाही, पुढच्या टप्प्याला लागा.

टप्पा ४ : दुसरा आणि तिसरा महिना

आता व्यायामाला बळ येतं, कारण धाप कमी झालेली असते. रोज ३० ते ४५ मिनिटं असं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ७० किलोच्या माणसाच्या ४५ मिनिटांच्या झपाझप चालण्यात साधारण १५० ते २०० कॅलरी खर्च होतात. सलग वेळ मिळत नसेल तर पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे करा, आणि ते जुन्या सिगारेटीच्या वेळांवर बसवा. आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठीही काहीतरी करा : खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचा व्यायाम. छातीत दुखणं, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, किंवा वीसेक वर्षं ओढून चाळिशी उलटली असेल, तर सुरुवात करण्याआधी तपासणी करून घ्या.

सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दोन किलो वाढले की वाढ थांबवायचं काम सुरू करायचं. पाच किलोची वाट बघू नका. या क्रमाने, दर आठवड्याला एकच गोष्ट कमी करा : आधी साखरेचे चहा आणि बाटलीतली गोड पेयं, मग पाकिटातला खाऊ, मग संध्याकाळचं तळलेलं, आणि सगळ्यात शेवटी जेवणातला भात-पोळी. बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरू करतात. पोळ्या दोनावर आणतात आणि संध्याकाळी भुकेने भजी खातात.

*सावधान :* चरबी जाळणाऱ्या पावडरी, भूक मारणाऱ्या गोळ्या, सात दिवसांचे ज्यूस यांच्या जाहिराती नेमक्या याच काळात खुणावतात. त्यांच्या नादी लागू नका. ई-सिगारेटही पर्याय नाही. भारतात तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे.

टप्पा ५ : तीन महिन्यांनंतर

वजन वाढलेलं असेल तर ते उतरवण्याची वेळ आता आली. त्याआधी नाही. तलफ आटोक्यात आहे, झोप लागतेय, चालणं अंगवळणी पडलंय, आता जेवण थोडं कमी केलं तर सिगारेटची आठवण लगेच उसळत नाही. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी होतील इतकंच करा : रात्री एक पोळी कमी, भात अर्धी वाटी, आणि चालणं पंधरा मिनिटांनी जास्त. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर उत्तम. उतरायला जितका वेळ लागेल तितका लागू द्या.

निकोटिनचं गम साधारण आठ ते बारा आठवडे वापरतात. ते एकदम बंद करू नका, दर काही दिवसांनी एकेक गोळी कमी करा. गम थांबतं तेव्हा दबलेली भूक पुन्हा डोकं वर काढते आणि वजन वाढू शकतं. म्हणून गम कमी करण्याच्या आठवड्यांत पहिल्या टप्प्यातली तयारी परत करा : डबे तपासा, फुटाणे-फळं भरून ठेवा, वजनाचा वार चुकवू नका.

मध्येच घसरलात तर

एखादी ओढली गेली तर त्याच दिवशी पुन्हा टप्पा दोनवर या, पहिल्यापासून सुरुवात नको. वजन कमी करायला म्हणून मात्र एकही ओढू नका. चार-पाच किलो वाढूनही सिगारेट सोडण्याचा फायदा हृदयाला, फुप्फुसांना आणि आयुष्याला मोठाच राहतो. घरच्यांना इतकंच सांगा की सहा महिने वजनावरून चेष्टा करू नका. हे तोंडाने सांगावं लागतं, त्यांचं त्यांना उमगत नाही. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. फोन करताना वजनाची काळजीही सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

तीन महिन्यांत पाच-सहा किलोंपेक्षा जास्त वाढलं, फार तहान आणि वारंवार लघवी होऊ लागली, मधुमेह असताना साखर वर-खाली होऊ लागली, किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटत राहिलं, झोप आणि भूक दोन्ही बिघडली, तर वाट बघू नका. आणि खाणं-चालणं काहीही बदललेलं नसताना वजन भराभर घटू लागलं, सोबत खोकला टिकून राहिला किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर "सिगारेट सोडल्याचा फायदा झाला" असं समजू नका. त्याच आठवड्यात छातीचा एक्स-रे आणि तपासणी करून घ्या.